अंगणाचा कोबा : गुळगुळीत की खरबरीत?

घर बांधताना आतील फरशीसाठी आपण चार दुकाने पालथी घालतो. परंतु अंगण, ओटा व पायऱ्यांचे काँक्रीट कसे घोटावे, हे गवंड्यावर सोपवून मोकळे होतो. पावसाळ्यात घरातील वृद्ध घसरतात ते नेमके याच जागी. म्हणून हा निर्णय काँक्रीट टाकण्यापूर्वीच घरमालकाने घ्यावा.

बाहेरच्या कामासाठी प्रामुख्याने चार पद्धती आहेत.

१) लोखंडी थापीची घोटाई : चकचकीत दिसते, झाडण्यास सोपी, परंतु पाणी व शेवाळ यांमुळे निसरडी होते. छपराखालच्या बसण्याच्या ओट्यापुरतीच ती योग्य.

२) लाकडी रंध्याचा हात : वाळूचा कण पायाला जाणवतो, पण बोचत नाही. मुले खेळतात त्या अंगणास उत्तम.

३) झाडूच्या रेघा : रंधा फिरवल्यावर, पृष्ठभाग ओला असतानाच कडक झाडू एकाच दिशेने ओढतात. पायऱ्या व उतारासाठी ही पद्धत सर्वांत सुरक्षित. रेघा चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात.

४) उघडी खडी : काँक्रीट घट्ट होऊ लागताच वरचे सिमेंट ब्रश व पाण्याने धुऊन खडी उघडी करतात. शोभिवंत व टिकाऊ. परंतु कुशल कारागीर लागतो, खर्च वाढतो आणि अनवाणी पायांना ती टोचते.

पद्धत कोणतीही असो, काही नियम पाळावेत. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूस दर मीटरला सुमारे २ सें.मी. उतार द्यावा. ५० किलोच्या पिशवीस, वाळूतील ओलावा धरून, २५ लिटरच्या आसपासच पाणी वापरावे. वर पाणी तरंगत असताना घोटू नये. ते शोषण्यासाठी कोरडे सिमेंट तर मुळीच भुरभुरू नये, कारण पुढे त्याचेच पापुद्रे निघतात. सुमारे ४ फुटांवर सांधे ठेवावेत, म्हणजे तडे सांध्यातच राहतात. किमान ७ दिवस, आणि कडक उन्हाळा किंवा फ्लाय-ॲशयुक्त सिमेंट असल्यास १० दिवस, ओले गोणपाट अंथरून पाणी मारावे.

शेवटी एक सूचना. गवंड्याकडून आधी दोन फूट चौरस नमुना करून घ्यावा. तो पुरेसा वाळला की त्यावर पाणी ओतून अनवाणी चालून पाहावे. पाय ठरला, तरच पुढचे काम सुरू करावे.