गोठ्याची फरशी आणि एच.टी.पी. पंप



उसावर फवारणीसाठी घेतलेला एच.टी.पी. पंप आता अनेक वस्त्यांवर गोठा धुण्यासाठीही चालतो. ट्रॅक्टर, ट्रॉली त्यानेच धुतात. यात गैर काही नाही. खराट्याचे काम लवकर उरकते, घरातल्या बायकांची कंबर वाचते. पण शेतकी खात्याच्या गटभेटीत आम्ही पाहतो, की पंप उसातून निघतो तो थेट गोठ्यात येतो. आदल्या दिवशी त्यातून २,४-डी नाहीतर मेट्रिब्युझिन मारलेले असते. नळीत, गाळणीत आणि गनमध्ये राहिलेले औषध मग पहिल्या पाण्याबरोबर गव्हाणीवर उडते. तीच गव्हाण जनावर चाटते. पॅराक्वॅटसारख्या तणनाशकावर तर माणसालाही उतारा नाही, मग मुक्या जनावराचे काय घेऊन बसलात?

म्हणून गोठ्यासाठी नळी, गाळणी आणि गन वेगळी ठेवावी हे आमचे स्पष्ट मत आहे. हा खर्च एका गाईच्या किमतीपुढे काहीच नाही. पंप तर एकच राहणार, तेव्हा तो फवारणी संपल्याबरोबर शेतातच तीन वेळा स्वच्छ पाण्याने चालवून धुवावा. धुवण फवारलेल्या उसातच सोडावे, विहिरीच्या थारोळ्यात किंवा ओढ्याला नव्हे. २,४-डी सोडियम क्षार वापरला असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही. १० लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून ते पाणी पंपात व नळीत रात्रभर भरून ठेवावे आणि सकाळी पुन्हा साध्या पाण्याने धुवावे. द्राक्ष, कापूस, वांगी, टोमॅटो करणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. उसाला न बाधणारे हे औषध या पिकांची पाने वाकडी करते.

आता फरशीकडे वळू. शेण आधी फावड्याने कोरडेच ओढून उकिरड्यावर किंवा गोबरगॅसला न्यावे. पाण्याच्या जोराने शेण ढकलण्याची सवय वाईट. पाणी दुप्पट लागते आणि खत गटारात जाते. धुण्याला पंख्यासारखा फवारा पाडणारे नोझल लावावे. एकधारी झोत शहाबादी फरशीचे सांधे उकरतो, कोबा खरवडतो, आणि त्या भेगांत मूत मुरले की वास व माश्या कायमच्या. जनावरे आधी बाहेर बांधावीत. सडावर किंवा डोळ्यावर झोत बसला तर इजा होते. पाणी निथळून फरशी सुकल्यावरच जनावरे आत घ्यावीत. ओल्यात खूर मऊ पडतात, कासेचे दुखणे वाढते. धुणाऱ्याने गमबूट घालावेत आणि तोंडाला फडके बांधावे, कारण मुताचे बारीक तुषार श्वासात जातात.

२०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा अनेकांनी गोठे जंतुनाशकाने धुतले. त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शेणाच्या थरावर ब्लीचिंग पावडरचा गुण लागू पडत नाही, आधी फरशी स्वच्छ हवी. ब्लीचिंग पावडर ॲसिडबरोबर कधीच मिसळू नये, विषारी वायू सुटतो. ते पाणी पंपात राहिले तर धातूचे भाग खाते, म्हणून लगेच साधे पाणी चालवावे.

मोटरवर पंप चालत असेल तर अर्थिंग पक्के हवे आणि ३० मिलिअँपिअरची गळती-रोधक स्विच बसवून घ्यावी. माणूस ज्या धक्क्यातून वाचतो त्यात गाय मरू शकते, कारण तिचे चारही पाय ओल्या फरशीवर असतात. वायरीचा जोड फरशीवर लोळता कामा नये.

पंपाची देखभाल फार नाही, पण रोजची आहे. सुरू करण्यापूर्वी काचेतून तेलाची पातळी पाहावी. ग्रीसच्या वाट्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे फिरवाव्यात. सक्शनची गाळणी पाण्यात पूर्ण बुडालेली हवी, पण तळाच्या गाळाला टेकलेली नको. पाण्याविना पंप चालला की वॉशर जळतात, आणि दुरुस्तीसाठी येणारे पंप बरेचदा याच कारणाने आलेले असतात असे मिस्त्री सांगतात. सुरू करताना व बंद करताना दाबाचा खटका सैल ठेवावा. काम संपल्यावर स्वच्छ पाणी चालवून मग अर्धा मिनिट रिकामा फिरवून आतले पाणी काढून टाकावे, त्याहून जास्त नाही. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर थोडासाच दबावा. सैल असला तर घसरतो, ताठ असला तर बेअरिंग जाते. पट्ट्यावर जाळी बसवलेली नसेल तर पंप चालू करू नये. लुगड्याचा पदर किंवा खांद्यावरचा टॉवेल त्यात क्षणात ओढला जातो.

– ऊस विकास अधिकारी