आरक्यूडी ९० टक्के, म्हणजे खडक चांगलाच?

बोअरहोलच्या लॉगमध्ये 'आरक्यूडी' असा एक रकाना असतो. मॉडेल बनवताना तो आकडा सरळ उचलून टाकायचा मोह होतो. तो टाकण्याआधी मोजला कसा, हे बघायला हवं.

ही कल्पना अमेरिकेतल्या डॉन डिअर यांची, १९६० च्या दशकातली. समजा, एका रनमध्ये दीड मीटर ड्रिलिंग झालं. वर आलेल्या कोअरमधले १० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असे चांगले तुकडे वेचायचे. त्यांची एकूण लांबी १.२ मीटर भरली, तर आरक्यूडी ८० टक्के. ड्रिलिंग करताना किंवा पेटीत भरताना मोडलेला तुकडा मात्र अखंड धरायचा. ताज्या, खरखरीत कडेवरून तो ओळखू येतो, पण लॉग लिहिणारा प्रत्येक वेळी तेवढं बघतोच असं नाही.

आता गंमत बघा. सगळे तुकडे ११ सेंटीमीटरचे असतील तर आरक्यूडी १०० टक्के, आणि सगळे ९ सेंटीमीटरचे असतील तर चक्क शून्य! खडकात फरक केवढा? दोन सेंटीमीटरचा.

दुसरी अडचण दिशेची, आणि आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ती फार जाणवते. अंधेरीचा गिल्बर्ट हिल आठवा. उभे खांब, त्यांच्या मधल्या भेगाही उभ्याच. अशा खडकात एका खांबाच्या मधोमध उभं बोअर घेतलं, तर त्या भेगा कोअरमध्ये येणारच नाहीत. आडव्या भेगा कमी असल्या की आकडा झकास येईल. तिथेच बाजूने उभा कट घेतला, तर खांबच्या खांब सुटून पडू शकतात.

म्हणून तिरकं बोअर घ्यावं, नाहीतर उघड्या खडकावर भेगा मोजाव्यात. पामस्ट्रॉम यांचं सूत्र त्यासाठीच आहे: आरक्यूडी = ११५ − ३.३ × एक घनमीटरमधल्या भेगांची संख्या. २५ भेगा असतील तर साधारण ३२ टक्के. अर्थात, हाही अंदाजच.

भेगेत माती भरलीय का, तिची पृष्ठं गुळगुळीत आहेत का, हे आरक्यूडीला कळत नाही. बिएनियाव्स्की यांच्या १९८९ च्या आरएमआर पद्धतीत १०० पैकी आरक्यूडीला जास्तीत जास्त २० गुण आहेत, भेगांच्या स्थितीला ३०. त्यामुळे कुणाकडून डेटा घेताना नुसती एक्सेल शीट घेऊ नका. कोअर पेट्यांचे फोटो आणि बोअरची दिशाही मागून घ्या.