शेअर बाजारातील इमारतींचा कारभार

स्वरूप

रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, म्हणजेच रीट, हा भाड्याने दिलेल्या मोठ्या मालमत्तांची मालकी अनेक गुंतवणूकदारांत विभागणारा न्यास होय. सेबीने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. एम्बसी ऑफिस पार्क्स हे देशातील पहिले रीट एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात आले. रीटच्या मालमत्तेचे किमान ८० टक्के मूल्य पूर्ण झालेल्या व भाडे देणाऱ्या वास्तूंत असावे लागते. वाटपयोग्य रोखीपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते. त्यामुळे इमारतीच्या कारभारातील चूक फार काळ आत दडत नाही. ती वाटपात उमटते.

भाडेकरार

कराराची मुदत दीर्घ असली, तरी लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याचा काळ, संपल्यावर भाडेकरू सहसा नोटीस देऊन जाऊ शकतो. खात्रीचे उत्पन्न लॉक-इनच्या काळापुरतेच. दर तीन वर्षांनी १५ टक्के भाडेवाढ ही प्रचलित अट आहे. ती बहुधा सहीच्या नव्हे, भाडे सुरू झाल्याच्या तारखेपासून मोजतात. मधले काही महिने अंतर्गत सजावटीसाठी बिनभाड्याचे असतात. समजा, एक लाख चौरस फुटांचा दर दरमहा ७० रुपये आहे. तो ८०.५० होण्याची तारीख एक महिना चुकीची नोंदली गेली, तर साडेदहा लाख रुपयांची आकारणी राहून जाते. शेकडो करार असताना अशी तारीख निसटणे अवघड नाही.

नोंदींचा मेळ

अनेकदा प्रत्येक संकुल वेगळ्या कंपनीच्या नावावर असते आणि रीटकडे त्या कंपनीचे भाग असतात. त्यामुळे नोंदी विखुरलेल्या राहतात. एकाच मजल्याचे क्षेत्रफळ करारात एक, मंजूर नकाशात दुसरे असते, कारण भाड्याच्या क्षेत्रफळात लॉबी व जिन्यांचा हिस्सा धरलेला असतो. महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये द्यावे लागते. ते तांत्रिक विभागाच्या फायलीत असते, पण विमा आणि भाडेकरूची तपासणी यांसाठी ते इतरांनाही लागते.

देखभाल

सर्वांत गंभीर प्रश्न येथे आहे. दैनंदिन देखभाल भाडेकरूंच्या शुल्कातून भागते. जुना चिलर किंवा लिफ्ट बदलण्याचा भार मात्र बहुधा मालकावर येतो. बहुतेक रोख वाटली जात असल्याने त्यासाठी कर्ज किंवा राखीव तरतूद लागते. बदल पुढे ढकलला, की चालू तिमाहीचे वाटप चांगले दिसते, इमारत मात्र झिजत राहते. वाटपाच्या आकड्याइतकेच यंत्रांचे वय पाहिले पाहिजे.

विशेष आर्थिक क्षेत्रे

ऐरोली आणि हिंजवडी येथील रीटची काही संकुले विशेष आर्थिक क्षेत्रांत मोडतात. नव्या कंपन्यांसाठीची प्राप्तिकर सवलत संपल्यावर तेथील रिकामे मजले भरणे कठीण झाले, कारण सामान्य कंपनीला ती जागा देता येत नसे. डिसेंबर २०२३ च्या नियमबदलाने पूर्ण मजला या क्षेत्रातून वेगळा करण्याची मुभा मिळाली. त्यासाठी घेतलेले करलाभ परत करावे लागतात आणि ये-जा नियंत्रित ठेवावी लागते.

मूल्यांकन व मर्यादा

स्वतंत्र मूल्यांकनकार वर्षातून एकदा पूर्ण मूल्यांकन करतो आणि सहामाहीला त्याचा आढावा घेतो. निव्वळ कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या ४९ टक्क्यांपर्यंतच घेता येते. २५ टक्क्यांपुढे पतमानांकन व युनिटधारकांची संमती लागते. मूल्य घटले, तर नवे कर्ज न घेताही हे प्रमाण चढते. मूल्य भावी भाड्यावरून काढले जाते. भाड्याची यादी व्यवस्थापकच पुरवतो, आणि रिकामा मजला किती महिन्यांत भरेल हे गृहीतच धरावे लागते.