दहा रुपये प्राप्त झाले

पहाटे ४

दूधवाला कॅन ठेवून जातो. पैशाचं नाव काढत नाही, कारण त्याचा हिशोब दर दहा दिवसांनी, आणि तोही रोखीत. पेंडवाला रोखच मागतो, मग मी स्कॅन घेऊन काय करू, असं त्याचं म्हणणं. शटर अर्धं वर केलं, शेगडी पेटवली की मी स्पीकरचं बटण दाबतो. तो आधी आपल्या कंपनीचं नाव घेतो, मग चार्जिंग किती उरलंय ते सांगतो. रात्री वायर लावायची राहिली असेल तर ती इथं कळते.

भवानी रोखीनं व्हावी, ही बायकोची अट. साताऱ्याच्या स्टँडसमोर ही अट पाळणं आता सोपं राहिलेलं नाही. स्वारगेटच्या पहिल्या गाडीचे एक कंडक्टर आमच्यासाठी दहाचं नाणं मुद्दाम वेगळं ठेवतात. एसटीच्या मशीनवरही आता स्कॅन करून तिकीट मिळतं, त्यामुळं सुट्ट्यावरून होणारी रोजची भांडणं बरीच कमी झाली, हे तेच सांगतात. नाणं कपाळाला लावून गल्ल्यात टाकतो आणि दिवस सुरू होतो.

सहा ते साडेआठ

खरा धंदा हाच. गाडी फलाटाला लागलेली, कंडक्टर डबल बेल द्यायच्या बेतात आणि गिऱ्हाईक एका हातात कप, दुसऱ्या हातात मोबाईल धरून उभं. मोबाईलवर गोल फिरतंय. त्या गोलामागं काय चाललंय ते मी मुलीकडून समजून घेतलं. त्याच्या अ‍ॅपनं निरोप धाडायचा, तो मुंबईच्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून जायचा, त्याच्या बँकेनं दहा रुपये वजा करायचे, माझ्या बँकेनं ते जमा करायचे आणि झालं म्हणून दोन्हीकडं उलट निरोप यायचा. एवढं सगळं बहुतेक वेळा दोन-तीन सेकंदांत उरकतं. मेढ्याची गाडी मात्र तेवढीही थांबायला तयार नसते.

मग सुरू होतं, ‘झालं काका, ही बघा हिरवी टिक.’ मी टिककडं बघतच नाही. हुबेहूब टिक दाखवणारी खोटी अ‍ॅप निघालीत, आणि स्क्रीनशॉट तर कालचाही असू शकतो. हात गाळणीवर, डोळे उतू जाणाऱ्या पातेल्यावर आणि कान स्पीकरकडं, अशी आमची विभागणी. ‘दहा रुपये प्राप्त झाले’ ऐकलं की मान हलवायची, की माणूस गाडीकडं पळाला. अडचण येते ती चार जणांनी एकदम दहा-दहा टाकले की. स्पीकर तेच वाक्य तीनदा म्हणतो आणि गप्प बसतो. चौथे कुणाचे राहिले? चौघंही आपलं झालं म्हणतात, आणि बहुधा चौघंही खरं बोलत असतात. पैसे कटलेले असतात, फक्त पोचलेले नसतात.

याला नियम आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की दुकानदाराला पैसे पोचल्याची खात्री झाली नाही, तर ते पाच दिवसांत गिऱ्हाइकाला आपोआप परत गेले पाहिजेत. त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. दहा रुपयांच्या चहाला दिवसाला शंभर! ती मागायला गेलेला माणूस मला अजून भेटायचाय.

कॉलेजची पोरं त्यातल्या त्यात झटपट. त्यांच्याकडं यूपीआय लाईट असतं. मोबाईलमध्येच थोडी रक्कम आधी भरून ठेवायची, पाच हजारांपर्यंत. मग हजाराच्या आतल्या खर्चाला पिन नाही, आणि दर चहाला बँकेचं दार वाजवायची गरज नाही. २०२२ च्या सप्टेंबरात हे आलं. बापाच्या पासबुकात दर चहाची नोंद उमटत नाही, हा त्याचा दुसरा फायदा पोरांनी पहिल्या दिवशीच ओळखला.

साडेनऊ

खारी-बटरवाला येतो, स्कॅन करून पैसे घेतो आणि जातो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते पुढचं.

‘काका, पाचशे कॅश द्या ना. स्कॅन करतो.’

असं म्हणणारं माणूस रोज कुणीतरी येतंच. कुणाला गावी जाऊन मजुरी वाटायची असते, कुणाला दवाखान्यात नंबर लावायचा असतो. एटीएम रस्त्यापलीकडं आहे, पण तिथं रांग, नाहीतर पैसे नाहीत, नाहीतर मशीनच झोपलेलं. मी देतो. एकतर गल्ल्यातली रोख कमी झाली तर मलाही बरंच असतं. आणि गावात नाही कसं म्हणायचं? तो पाचशेचा स्कॅन करतो, मी नोट देतो, स्पीकर ओरडतो ‘पाचशे रुपये प्राप्त झाले’, आणि रांगेतला एखादा नवखा माणूस माझ्याकडं आदरानं बघतो. पाचशेचा चहा प्यायला कोण, असं त्याला वाटत असावं. तसंच पुढं आणखी कुणालातरी वाटू शकतं. त्याचं दुपारी बघू.

अकरा

पोऱ्याला शेगडीवर ठेवून बँकेत. पासबुक भरून घ्यायचंय. मशीनमध्ये सारलं की ते किर्र किर्र करत सुटतं. दहा, दहा, वीस, दहा, तीस, दहा. दर ओळीला एक लांबलचक नंबर, तुटक इंग्रजीत कुणाचं तरी अर्धं नाव आणि शेवटी दहा रुपये. पान संपतं, मशीन पान उलटायला सांगतं. मी उलटतो. पुन्हा दहा, दहा. मागं रांगेत पेन्शनवाले आजोबा उभे. त्यांची महिन्याची ओळ एक, आणि तेवढ्यासाठी त्यांनी माझे सगळे चहा बघायचे. पासबुक संपलं तरी आठवडा संपत नाही. खिडकीतल्या मॅडम दरवेळी तेच सांगतात, ‘अहो, बचत खात्यावर धंदा करू नका. चालू खातं काढा.’ चालू खात्यात किमान शिल्लक जास्त ठेवावी लागते, म्हणून मी दरवेळी ‘बघतो’ म्हणतो.

रांगेत उभं राहून हिशोब करायला वेळ मिळतो. कार्डाचं मशीन घेतलं असतं तर माझ्यासारख्या लहान धंदेवाल्याला डेबिट कार्डावर शंभराला चाळीस पैशांपर्यंत कट बसला असता. यूपीआयला १ जानेवारी २०२० पासून तो शून्य आहे. दहाच्या दहा खात्यात. मग हा गाडा कोण ओढतं? सरकार बँकांना थोडं अनुदान देतं. २०२४-२५ साठी मंत्रिमंडळानं पंधराशे कोटी मंजूर केले होते, लहान दुकानदाराला आलेल्या दोन हजारांपर्यंतच्या रकमेवर ०.१५ टक्के. माझ्या चहावर दीड पैसा, आणि तोही बँका आणि कंपन्या वाटून घेणार. ऑगस्ट २०२५ मध्ये देशात एका महिन्यातले यूपीआय व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले. दीड-दीड पैशावर एवढं सगळं चालत असेल यावर माझा विश्वास नाही. हे कुणालातरी भरावं लागणार, असं रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा जुलै २०२५ मध्ये बोललेच होते.

थोडं मी आजही भरतोय. स्पीकरचं भाडं महिन्याला सव्वाशेच्या आसपास. ते कुणी मागायला येत नाही, जमेतून आपोआप जातं. म्हणजे रोजचे चार रुपये. चहा विकायला नव्हे, चहाचे पैसे आल्याचं ऐकायला.

दीड ते तीन

स्टँड पेंगतो. शेजारचा भेळवाला स्टूल ओढून बसतो. त्यानं मध्यंतरी स्कॅनरचा बोर्ड उलटा करून ठेवला होता. कारण बेंगळुरूची बातमी. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या करखात्यानं यूपीआयची जमा बघून तिथल्या चहावाल्यांना, बेकरीवाल्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला तर २९ लाखांची. ताज्या भाजीला जीएसटी नसतोच, तरीही. दुकानादुकानांत ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढं तिथल्या सरकारनं नोंदणी करा, मागचं काढणार नाही, असं सांगून प्रकरण निवळवलं. पण पाटी उलटायला आमच्या भेळवाल्याला तेवढं पुरलं.

मी त्याला आकडे सांगितले. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. आपण खायला-प्यायला देतो ती सेवा धरतात, आपली मर्यादा २० लाख. म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच हजार. तो म्हणाला, ‘मग आपण कुठं त्यात बसतोय?’ धंद्यानं नाही बसत. पण ते पाचशे-पाचशेचे स्कॅन? मेव्हण्यानं परत केलेले हातउसने वीस हजार? मुलीच्या फीसाठी भावानं पाठवलेले? भिशी लागली ती? सगळं एकाच खात्यात, एकाच स्कॅनरवर. आले एवढं करखात्याला माहीत. कशाचे आले ते आपल्यालाच सांगावं लागणार, आणि तेही दोन वर्षांनी कुणी विचारलं तर.

रोखीच्या काळात हा प्रश्न नव्हता, आणि त्या काळात सगळंच कसं साधंसरळ होतं असं मी म्हणणार नाही. न दिसणारा पैसा कर चुकवायला सोयीचा होता, हे स्टँडवरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. पण दिसणाऱ्या पैशाचा फायदा मी घेतलाय. फेरीवाल्यांच्या पीएम स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं पहिलं कर्ज फेडलं आणि वीस हजारांचं दुसरं मिळालं ते तारण न ठेवता. डिजिटल व्यवहारांवर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत परतही यायचे. स्पीकरच्या भाड्यातलं बरंचसं त्यातच निघायचं.

तेवढ्यात पतसंस्थेचे पिग्मी एजंट येतात. शंभर रुपये त्यांना रोख. ते म्हणतात, स्कॅन करा. मी म्हणतो, नको, हे हातानं देऊ द्या. हातानं दिलेलं साठल्यासारखं वाटतं. ते हसतात आणि मशीनवर पावती काढतात.

चार

कोरेगावच्या गाडीची वाट बघत एक आजी बसल्यात. बटणाचा फोन. तसल्या फोनवरूनही पैसे देता येतात, २०२२ च्या मार्चपासून तशी सोय आहे. आमच्या स्टँडवर ती वापरताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही. आजी कनवटीची गाठ सोडतात, नोट काढतात, उलटसुलट बघतात. ‘त्या पेटीला कशाला सांगायचं? मी तुला देतीय की.’

मग फोन. हिंदीत, रुबाबात. मिलिटरीतून बोलतोय, शंभर चहा हवेत, ॲडव्हान्स पाठवतो, कोड पाठवलाय तो स्कॅन करून पिन टाका. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं मला पाठ आहे. पिन फक्त द्यायला लागतो. माणसानं माणसाकडं अ‍ॅपवरून पैसे मागायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, तरी कोड पाठवणारे थांबलेले नाहीत. मी विचारलं, ‘साखर किती?’ फोन बंद झाला. भेळवाल्याला मी १९३० हा नंबर भिंतीवर लिहून दिलाय. फसलाच तर पहिल्या तासात लावायचा.

साडेसहा ते आठ

कास पठाराच्या फुलांचा हंगाम. पुण्याच्या गाड्या परतीला लागलेल्या, सगळ्यांना पेढे आणि चहा एकाच वेळी हवा. एका मिनिटात सगळ्यांचे गोल फिरायला लागतात आणि फिरतच राहतात. ‘सर्व्हर डाऊन.’ कुणाच्या बँकेचा, कुणाच्या अ‍ॅपचा, की आमच्या टॉवरवरची गर्दी, हे कळायला मार्ग नाही. खिसे चाचपले जातात. पाच जणांत मिळून एक दोनशेची नोट निघते. एक बाई खरंच ओशाळल्या. मी म्हटलं, ‘जाऊ द्या, पुण्यात पोचल्यावर टाका.’ पाटीचा फोटो काढून नेला त्यांनी. असे लोक बहुतेक टाकतात. रात्री साडेनऊला घरी जेवताना मोबाईल वाजतो, वीस रुपये, आणि बायको विचारते, आता कुणी प्यायला?

नऊ

गल्ला मोजायचा. रोख कमी, खात्यात जास्त, असं रोजचंच. पोऱ्याचा पगार त्याच्या आईच्या खात्यात थेट जातो, साखर-पत्तीवाल्याला स्कॅन चालतो. दूध, हमाली आणि पिग्मी मात्र रोखीत, म्हणून तेवढं बाजूला काढायचं. मग वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, वडिलांच्या वेळेसारखीच. पूर्वी तिच्यात उधारी असायची. आता मी तिच्यात चहाचे न आलेले पैसे लिहितो: पाचशे, कॅश दिली, कोरेगावचे मास्तर. दोन हजार, मेव्हणा, हप्ता. पाचशे, कॅश दिली, नाव विचारलं नाही. स्कॅनरवरची सगळी जमा स्पीकरवाल्या कंपनीच्या अ‍ॅपात तारीखवार मिळते. त्यातून वहीतलं वजा केलं की खरा धंदा निघतो. हे वजा करायचं काम फुकट होत नाही. रोजची वीस मिनिटं जातात, आणि ती ज्या वेळेला जातात तेव्हा पाय दुखत असतात.

बँकेतल्या मॅडमनी आज फॉर्म हातात कोंबलाच. चालू खातं, सोबत उद्यम नोंदणी. म्हणजे धंद्याचा स्कॅनर वेगळा, घरचा वेगळा. मेव्हण्याला नवा नंबर द्यायचा. पाचशेच्या कॅशवाल्यांचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. घरच्या स्कॅनरवर घेतले तर तो स्पीकरला जोडलेला नाही, आले की नाही हे गर्दीत कळणार कसं?

फॉर्मात एका रकान्यापाशी अडलोय. अंदाजे वार्षिक उलाढाल. मी एक आकडा म्हटला. बायको म्हणाली, फार झाला. मी दुसरा म्हटला. ती म्हणाली, एवढ्यावर कर्ज कोण देणार? मुलगी म्हणाली, पासबुक बघून लिहा. तिघांनीही पासबुकाकडं पाहिलं. शेवटी बायकोनं आतून पेन्सिल आणून दिली.