मेट्रो स्टेशनपर्यंतची सायकल हेही औषधच

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. मधुमेहाच्या गोळ्या लिहून झाल्या की आमचे शेवटचे वाक्य ठरलेले असते, ‘रोज अर्धा तास फिरत जा.’ काही महिन्यांपूर्वी हे ऐकून वाठोड्याकडचे एक पंचेचाळिशीचे गृहस्थ हसले. ते हिंगणा एमआयडीसीत कामाला आहेत. म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, सकाळी सातले घर सोडतो, रात्री आठले येतो. फिराले टाइम कुठून आणू?’

पूर्वी ते घराजवळच्या गोदामात सायकलने जात. हिंगण्याची नोकरी लागली, अंतर वाढले आणि हप्त्यांवर मोटारसायकल आली. पुढे वजन वाढले, मग साखर. मोटारसायकलमुळेच मधुमेह झाला, असे नाही. आनुवंशिकता, आहार, झोप यांचाही वाटा असतो. पण नकळत होणारा रोजचा व्यायाम मात्र सुटला, हे खरे.

देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीने २०२३ मध्ये मांडला. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सायकल चालवताना मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम करतात आणि इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर ओढून घेतात. शिवाय शरीराचे वजन सीटवर असल्याने गुडघ्यांवर भार कमी येतो.

पण वाठोडा ते हिंगणा रोज सायकलने जा, असे मी कोणाला सांगणार? इथे मेट्रो मदतीला येते. डिसेंबर २०२२ पासून प्रजापती नगर ते लोकमान्य नगर ही अ‍ॅक्वा मार्गिका पूर्ण सुरू आहे. पूर्व नागपुरातून गाडी न बदलता हिंगण्याच्या बाजूला पोहोचता येते. घरापासून स्टेशन अडीच किलोमीटर धरले, तर सायकलने बारा मिनिटे लागतात. जाऊन-येऊन चोवीस आणि आठवड्याचे सहा दिवस म्हणजे १४४ मिनिटे. व्यायामाचा कोटा जवळजवळ पूर्ण, तोही वेगळा वेळ न काढता. नागपूर मेट्रोत सायकल डब्यात नेण्याची मुभा आहे. ती सोबत नेली तर पलीकडच्या टोकालाही कामी येते.

असा अर्धामुर्धा प्रवास उपयोगी पडतो का? ब्रिटनमधील सुमारे २ लाख ६३ हजार लोकांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी दिसला. वाटेचा काही भाग सायकलने आणि उरलेला वाहनाने करणाऱ्यांमध्येही तो २४ टक्के कमी होता. अशा अभ्यासातून सायकल हेच एकमेव कारण असे सिद्ध होत नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे.

नियोजनाच्या अंगाने पाहा. दहा मिनिटांत माणूस पायी सुमारे ८०० मीटर जातो, सायकलने त्याच्या तिप्पट. अंतर तिप्पट झाले की स्टेशनच्या टप्प्यात येणारा परिसर नऊपट होतो. नेदरलँड्सने हे ओळखले. तिथल्या युट्रेक्ट स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकली ठेवण्याची सोय आहे.

आपल्याकडे सायकल मार्ग म्हटले की अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स आठवतात. पहाटेच्या हौशी सायकलस्वारांसाठी ते छानच. पण कामगार, विद्यार्थी, घरकाम करणाऱ्या बाया यांची वाट स्टेशनकडे जाते. प्रत्येक स्टेशनभोवतीच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये चारचाकी उभ्या राहणार नाहीत असा सलग मार्ग, चौकात सायकलला वेगळी वेळ देणारा सिग्नल, रात्री दिवे आणि स्टेशनवर छताखाली सुरक्षित जागा हवी. नागपूरच्या मे महिन्यात सावली ही चैन नाही. मार्गालगत कडुनिंबाची रांग रस्त्याच्या आराखड्यातच असावी.

सुरुवात करणाऱ्यांनी थोडी काळजी घ्यावी. हेल्मेट घालावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून निघावे आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. छातीत दुखले, दम लागला, गरगरले तर लगेच थांबावे. उन्हाळ्यात भर दुपारी सायकल टाळावी.

आमचे ते गृहस्थ आता स्टेशनपर्यंत सायकलने जातात. मोठ्या रस्त्यावरचे ट्रक टाळायला गल्ल्यांतून वळसा घालतात. साखर थोडी उतरली आहे. गोळ्याही बदलल्या होत्या, त्यामुळे सारे श्रेय सायकलला देत नाही. मागच्या भेटीत मात्र ते म्हणाले, ‘पोरगी बी कॉलेजले जाले सायकल मागते. पण त्या चौकातून तिले कसा पाठवू?’

याचे उत्तर दवाखान्यात नाही. महापालिका आणि महामेट्रो यांनी मिळून ते रस्त्यावर द्यायचे आहे.