सेकंदाला सात किलोमीटर, तरी फोटो स्थिर

कार्टोसॅट-३ हा उपग्रह २७ नोव्हेंबर २०१९ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला आणि ५०९ किलोमीटर उंचीवर जाऊन बसला. जमिनीचा पाव मीटरचा तुकडा वेगळा टिपणारा कॅमेरा, ही त्याची ख्याती. बातम्यांत तो पाव मीटरच गाजला. पण कॅमेऱ्याखालची जमीन सेकंदाला सात किलोमीटर वेगाने मागे पळत असते. पाव मीटर ओलांडायला सेकंदाचा अठ्ठावीस हजारावा भाग पुरतो. तेवढ्यात सेन्सरवर उजेड पडणार तो किती? जास्त वेळ घ्यावा, तर चित्र फरपटतं.

२००१ च्या टीईएस उपग्रहात इस्रोने उपग्रहालाच मान वळवायला लावली. धावत्या गाडीतून स्टेशनची पाटी वाचताना आपण वळवतो, तशी. जमीन जणू हळू सरकू लागली. फक्त एका फेरीत टिपून होणारा मुलूख घटला.

टीडीआय सेन्सरची युक्ती निराळी. त्यात एकामागे एक अनेक ओळी असतात. पहिल्या ओळीवर उजेडाने साठलेला विद्युतभार, चित्र पुढे सरकेल तसा पुढच्या ओळीत ढकलायचा, तिथे त्यात भर पडू द्यायची, पुन्हा ढकलायचा. माझ्या मते भिंगापेक्षा मोठी करामत ही. वेगाशी भांडायचं सोडून त्यालाच कामाला जुंपलं आहे.

मात्र चित्राची आणि भाराची, या दोन्ही सरकणी तंतोतंत जुळायला हव्यात. त्यात पृथ्वी स्वतःही फिरते, विषुववृत्तावर सेकंदाला ४६५ मीटर! चित्र तिरकं घसरू नये म्हणून उपग्रहाला तिथे उभ्या अक्षाभोवती जवळपास चार अंश वळवून ठेवावं लागतं. हे गणित आधी मांडता येतं. थरथरीचं नाही. दिशा सांभाळणारी चाकं गरगरतात, सौरपंख वळतात, आणि कार्टोसॅट-३ चा एक ठिपका म्हणजे अंशाचा फक्त छत्तीस हजारावा भाग.

ही थरथर पकडण्याची सुरेख तऱ्हा मंगळाभोवती फिरणाऱ्या हायराइज कॅमेऱ्यात आहे. त्याच्या १४ सेन्सरांच्या कडा एकमेकींवर येतात, त्यामुळे तीच जागा किंचित अंतराने दोनदा टिपली जाते. दोन प्रती जुळल्या नाहीत, तर मधल्या काळात कॅमेरा किती हलला ते कळतं आणि संगणकावर चित्र सरळ करता येतं. पण भार साठत असतानाच बसलेला धक्का चित्रात मुरतो, तो मागाहून निघत नाही. ओळी वाढवल्या की उजेड वाढतो आणि हा धोकाही. म्हणून ८, ३२, ६४ की १२८ ओळी वापरायच्या, हे हायराइजच्या प्रत्येक चित्रापूर्वी ठरवलं जातं.