आर्मेनियाच्या तोफा आणि दिल्लीचे मौन

नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या भारत फोर्जने शेअर बाजाराला कळविले, की कल्याणी समूहातील एका कंपनीस १५५ मिलिमीटर तोफांसाठी सुमारे साडेपंधरा कोटी डॉलरची परदेशी मागणी मिळाली आहे. ग्राहक देशाचे नाव निवेदनात नव्हते. तो देश आर्मेनिया असल्याचे वृत्त लवकरच सर्वत्र झाले. साउथ ब्लॉकने मात्र मौन पाळणेच पसंत केले. त्याच सुमारास पिनाका अग्निबाण प्रणालीही आर्मेनियाला जाणार असल्याचे उघड झाले होते.

सुमारे तीस लाख लोकसंख्येच्या या देशाला दिल्लीकडे का वळावे लागले, याचे उत्तर २०२० च्या ४४ दिवसांच्या युद्धात आहे. तुर्की बनावटीचे बायरक्तार आणि इस्रायली हारोप या ड्रोनांनी अझरबैजानने आर्मेनियाचे टी-७२ रणगाडे आणि सोव्हिएत काळातील ग्राड अग्निबाणवाहने उघड्यावर टिपली. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन विस्थापित झाले. रशियाला पैसे देऊनही शस्त्रे मिळाली नाहीत, अशी तक्रार पंतप्रधान पाशिनियान यांना जाहीरपणे करावी लागली.

तोफखान्याचे आधुनिकीकरण म्हणजे नव्या तोफा आणून उभ्या करणे, असा एक सोयीस्कर समज असतो. सोव्हिएत परंपरेच्या सैन्याचा दारूगोळा १२२ आणि १५२ मिलिमीटरचा. १५५ मिलिमीटरकडे वळायचे, तर गोळे, कोठारे, मारपल्ल्याची कोष्टके, दुरुस्तीची हत्यारे आणि तोफचींचे शिक्षण, सारेच बदलते. तरीही १५५ मिलिमीटरचे गोळे अनेक देशांत बनतात. फ्रान्सकडून सीझर तोफा घेताना आर्मेनियाने तोच व्यास स्वीकारला. पिनाकाची गोष्ट वेगळी आहे. तिचा अग्निबाण २१४ मिलिमीटरचा असून तो भारताखेरीज कोठूनही मिळत नाही. एक वाहन ४४ सेकंदांत १२ अग्निबाण सोडते. खऱ्या युद्धात साठा किती झपाट्याने संपेल, याचा अंदाज त्यावरून यावा. पिनाका घेणारा देश पुढील कित्येक वर्षांसाठी आपली रसद दिल्लीच्या स्वाधीन करतो.

अशा अवलंबनाची चव भारताने स्वतः घेतली आहे. १९८६ मध्ये ४१० बोफोर्स तोफांचा करार झाला. लाचखोरीच्या आरोपांनंतर सुट्या भागांची टंचाई सोसावी लागली. कारगिलमध्ये याच तोफांनी तारले, परंतु त्यानंतरही नवी १५५ मिलिमीटर तोफ सैन्याच्या हाती पडण्यास २०१७ साल उजाडले. पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने खासगी उद्योगांसह घडविलेल्या एटॅग्स तोफेचे काम २०१३ मध्ये सुरू झाले. तिच्या ३०७ नगांचा करार नवी दिल्लीत झाला तो मार्च २०२५ मध्ये. आपल्याच सैन्याची मागणी इतकी रेंगाळत असेल, तर परदेशी ग्राहकाने सुट्या भागांच्या आश्वासनावर कितपत विसंबावे?

उत्पादनाची बाजू सुधारते आहे, हे मान्य करावे लागेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने पिनाकाच्या दारूगोळ्यासाठी नागपूरची इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज आणि पुण्यात मुख्यालय असलेली म्युनिशन्स इंडिया यांच्याशी १०,१४७ कोटी रुपयांचे करार केले. मात्र ती आपल्या सैन्याची गरज आहे. टंचाईच्या काळात एकाच कारखान्यातून भारतीय तोफखाना आणि आर्मेनिया या दोघांनीही माल मागितला, तर आधी कोणाला, याचे धोरण संसदेसमोर कधी आलेले नाही. संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी रुपयांवर पोहोचल्याचा आकडा अभिमानाने सांगितला जातो. दीर्घकालीन पुरवठ्याच्या हमीवर मात्र चर्चा होत नाही.

राजकीय किंमतही आहेच. अझरबैजानचे अध्यक्ष अलियेव यांनी भारत आणि फ्रान्स यांच्या शस्त्रपुरवठ्यावर उघड आक्षेप घेतला आणि पाकिस्तानशी जवळीक वाढविली. ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टन येथे दोन्ही देशांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली. त्यामुळे मागणी ओसरेल, असे काहींना वाटते. पण पराभव पाहिलेले सैन्य कागदावर भरवसा ठेवून कोठारे रिकामी ठेवील, हे संभवत नाही.

राहतो तो भूगोल. आर्मेनियाला समुद्रकिनारा नाही. पूर्वेला अझरबैजान आणि पश्चिमेला तुर्कस्तान या दोन्ही सीमा तीस वर्षांहून अधिक काळ बंद आहेत. उरतात जॉर्जिया आणि इराण. निर्बंध आणि युद्ध यांच्या सावटाखालील या दोन वाटांपैकी कोणत्या वाटेने, किती दिवसांत आणि कोणाच्या विम्यावर पिनाकाचा पुढचा साठा येरेव्हानला पोहोचेल, हे करारपत्रात आधीच लिहिलेले असायला हवे.